मर्यादा ओलांडण्याचा अधिकार

१९२३ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या ४ तारखेस केंब्रिज येथील ‘हेरेटिक्स’ नावाच्या मंडळापुढे तीस वर्षांच्या एका अध्यापकाने एक निबंध वाचला. मंडळाच्या नावाचा अर्थच ‘पाखंडी’ असा असल्यामुळे तेथे धाडसी विचारांचे नावीन्य नव्हते. तथापि हा निबंध त्या मंडळाच्या चार भिंतींत राहिला नाही. लवकरच तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आणि विज्ञानाच्या साहाय्याने मनुष्याने आपल्या निसर्गदत्त मर्यादा ओलांडाव्यात की नाहीत, या विसाव्या शतकातील वादाचा तो एक आरंभबिंदू ठरला. निबंधाचे नाव ‘डीडॅलस, अथवा विज्ञान आणि भविष्यकाळ’. निबंधकाराचे नाव जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन.

निबंधाचा आरंभ दोन दृश्यांनी होतो. पहिले १९१५ सालच्या एका लढाईचे. सर्वत्र धूर व स्फोट चाललेले असून माणसे मात्र त्यांत जणू प्रसंगाने सापडल्यासारखी इकडे तिकडे धावताना दिसतात. युद्धातील खरी पात्रे यंत्रे आणि माणसे केवळ निमित्तमात्र, असा भास त्या दृश्यातून होतो. दुसरे दृश्य भारतातील आहे. आकाशगंगेत एक नवा तेजस्वी तारा एकाएकी प्रकटला असून तीन युरोपीय गृहस्थ त्याच्याकडे पाहत उभे आहेत. त्या तेजाचे कारण काय असावे याचा तर्क चालला असता एक शंका अशी निघते, की दूरच्या एखाद्या जगातील बुद्धिमान प्राण्यांचा प्रयोग गरजेपेक्षा अधिक यशस्वी तर झाला नसेल? अणुबाँब अद्याप वीस वर्षांहून अधिक दूर होता. विज्ञान मनुष्याला त्याच्या मर्यादांपलीकडे नेणार, की मनुष्यालाच अनावश्यक ठरविणार, हा प्रश्न हॉल्डेन यांनी या दोन दृश्यांतून प्रथमच पुढे ठेवला आणि मग त्याचे उत्तर शोधावयास आरंभ केला.

त्या उत्तरात भविष्यकथनाचा भाग पुष्कळ आहे. इंग्लंडातील दगडी कोळसा संपेल, तेव्हा देशभर धातूच्या पवनचक्क्या उभ्या राहतील. वारा जोराचा असेल त्या वेळी उरलेल्या विजेने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन साठविला जाईल आणि वारा पडेल तेव्हा तोच पुन्हा शक्ती देईल, असे त्यांनी लिहिले. यास चारशे वर्षे लागतील असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात शंभर वर्षांच्या आतच जग त्या वाटेला लागले. याहून खळबळ उडाली ती दुसऱ्या एका भाकिताने. मातेच्या उदराबाहेर, प्रयोगशाळेत वाढविलेले पहिले बालक १९५१ साली जन्मास येईल, असे त्यांनी एका काल्पनिक विद्यार्थ्याच्या तोंडून वदविले होते. त्यामागचा सिद्धांत भाकितापेक्षा महत्त्वाचा होता. भौतिक शास्त्रातील शोध लोकांना देवाच्या अधिकारावरील आक्रमण वाटतो. जीवशास्त्रातील शोध मात्र प्रथम विकृती वाटतो आणि काही पिढ्यांनंतर तोच रूढी होऊन बसतो. गाईचे दूध काढून पिण्याची कल्पना ज्याला प्रथम सुचली, त्याच्या सोबत्यांना ती किळसवाणीच वाटली असेल. पुढे त्याच दुधाला पावित्र्य लाभले, हा त्यांचा दृष्टांत भारतीय मनाला सहज पटण्यासारखा आहे.

या निबंधास उत्तर देण्यास बर्ट्रंड रसेल पुढे आले. १९२४ साली त्यांनी ‘इकॅरस’ नावाचे पुस्तक लिहिले. ग्रीक पुराणकथेतील डीडॅलस हा कुशल कारागीर. त्याने स्वतःसाठी व पुत्रासाठी पंख तयार केले. पुत्र इकॅरस पंखांच्या कैफात सूर्याच्या फार जवळ गेला, पंखांचे मेण वितळले आणि तो समुद्रात पडून मेला. विज्ञान माणसाला पंख देईल, परंतु ते पंख सत्ताधाऱ्यांच्या लोभाला फुटतील, हे रसेल यांचे भय होते. जगाच्या पुढील इतिहासाकडे पाहता ते अनाठायी होते असे कोणी म्हणणार नाही.

सूर्याकडे झेपावण्याची अशीच एक कथा वाल्मीकीच्या किष्किंधाकांडातही आहे. संपाती आणि जटायू हे दोघे भाऊ तारुण्याच्या भरात सूर्यापर्यंत उडू लागले. धाकटा जटायू उन्हाने होरपळून व्याकूळ झाला, तेव्हा संपातीने आपले पंख त्याच्यावर पसरले. पंख जळाले ते संपातीचे, आणि तो विंध्याच्या माथ्यावर कोसळला. मर्यादा ओलांडण्याचे साहस येथेही आहे, परंतु त्या साहसाची झळ प्रथम कोणी सोसावी, याचे उत्तरही या कथेत आहे. हॉल्डेन यांचे जीवन तपासले असता डीडॅलसपेक्षा संपातीची आठवण अधिक होते.

हा वारसा त्यांना घरातूनच मिळाला होता. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे शरीरशास्त्रज्ञ असून खाणींतील विषारी वायू हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. खाणीत स्फोट झाल्यावर पुष्कळसे कामगार आगीने नव्हे तर कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे त्यांनी दाखवून दिले, आणि पिंजऱ्यातील लहान पक्षी खाणीत नेण्याची शिफारस केली. कारण लहान देहाला तो वायू माणसाच्या आधी बाधतो. पाणबुड्यांनी खोल पाण्यातून कोणत्या टप्प्यांनी वर यावे, म्हणजे रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होणार नाहीत, याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध झाली, त्यांतही त्यांचाच प्रमुख वाटा होता. मुलगा लहान असतानाच वडिलांनी त्याला एका खाणीत नेले आणि जेथे छताशी मिथेन वायू साचला होता तेथे उभे राहून शेक्सपियरच्या नाटकातील अँटनीचे भाषण म्हणावयास सांगितले. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली आणि तो खाली पडला. जमिनीलगत हवा शुद्ध असल्यामुळे तो लगेच सावध झाला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि तो श्वासाबरोबर घेतला तरी माणूस तत्काळ मरत नाही, हे दोन्ही धडे त्याला जन्मभर पुरले.

मर्यादा ओलांडावयाची तर प्रथम ती मोजली पाहिजे, हे हॉल्डेन यांच्या विचारसरणीचे पहिले सूत्र होय. १९२६ साली त्यांनी प्राण्यांच्या आकारमानावर एक लहानसा निबंध लिहिला. मनुष्य सर्व बाजूंनी दसपट वाढला, तर त्याचे वजन दसपट न होता हजारपट होईल. मात्र त्याच्या हाडांचा छेद शंभरपटच वाढेल. अर्थात हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दसपट भार पडेल आणि साठ फुटी राक्षस पहिल्याच पावलास मांडी मोडून खाली बसेल. कुंभकर्णाला झोपेतून उठविण्यासाठी लंकेत जो खटाटोप झाला, त्यापेक्षा त्याला उभे करण्याचा खटाटोप निश्चितच मोठा ठरला असता. उलट उंदीर खोल खाणीच्या विवरात पडला तरी थोडासा गांगरून चालू लागतो, कारण त्याच्या वजनाच्या मानाने त्याचे पृष्ठ मोठे असल्यामुळे हवेचा अडसर त्याला तारतो. निसर्गाने घातलेल्या मर्यादा या कोणाच्या शापाने आलेल्या नाहीत. त्या गणिताच्या आहेत. ज्याला हे गणित कळले त्यालाच त्यातून वाट काढता येते. ज्याला ते कळत नाही तो केवळ इच्छा करीत राहतो.

दुसरे सूत्र अधिक कठीण. ज्या प्रयोगाची जोखीम दुसऱ्यावर टाकावयाची, ती प्रथम स्वतःच्या देहावर घ्यावी. रक्तातील आम्लता वाढली अथवा घटली असता श्वसनावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी हॉल्डेन यांनी प्रथम खाण्याचा सोडा मोठ्या प्रमाणात घेतला. मग आम्लता वाढविण्यासाठी नवसागराचे पाणी प्याले, म्हणजे कल्हईवाला भांड्यावर कल्हई चढविताना जो वापरतो तोच. शरीर त्यातील अमोनियाचे युरियात रूपांतर करते आणि मागे आम्ल उरते. काही दिवस त्यांना जरा हालचाल केली तरी धाप लागे. या खटाटोपातून मिळालेले ज्ञान वाया गेले नाही. रक्तातील क्षार वाढल्यामुळे लहान मुलांना येणाऱ्या एका प्रकारच्या आकडीवर नवसागराचा उपयोग होऊ लागला. आपल्या या प्रयोगांचे वर्णन करताना हॉल्डेन यांनी लेखाला दिलेल्या मथळ्याचा आशय, स्वतःच स्वतःचा ससा होणे, असा आहे.

१ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ नावाची नवी ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीच्या वेळी बुडाली. आतील १०३ जणांपैकी अवघे ४ जण वाचले. मृतांत गोदीचे कामगारही पुष्कळ होते. त्यांच्या संघटनांच्या वतीने हॉल्डेन यांनी मृत्यूच्या कारणांचा शोध घेतला आणि त्यासाठी स्पेनच्या यादवी युद्धात लढलेल्या चार स्वयंसेवकांसह स्वतःला एका पोलादी कोठडीत कोंडून घेतले. कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो तसतसे डोके कसे ठणकू लागते आणि विचार कसा मंदावतो, हे त्यांनी आतून पाहिले. पुढे नौदलासाठी केलेल्या प्रयोगांत वातावरणाच्या दसपट दाब, बर्फासारखे थंड पाणी आणि दाबाखालील प्राणवायू या सर्वांना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंड दिले. अधिक दाबाखाली शुद्ध प्राणवायूही विषासारखा वागतो. अशाच एका प्रयोगात हॉल्डेन यांना झटके आले, पाठीच्या मणक्यांना इजा झाली आणि ती वेदना त्यांना जन्मभर सोबत करीत राहिली.

देहाच्या मर्यादांवरून वंशाच्या मर्यादांकडे वळताना मात्र प्रश्नाचे स्वरूप बदलते. येथे ससा होणे शक्य नाही, कारण परिणाम भोगणारे अद्याप जन्मलेलेच नसतात. हॉल्डेन हे उत्क्रांतीच्या गणिती उपपत्तीचे एक संस्थापक. त्यांच्याच काळात सुप्रजाजननशास्त्राच्या नावाखाली अमेरिकेतील अनेक राज्यांत आणि १९३३ पासून जर्मनीत, सदोष ठरविलेल्या माणसांवर सक्तीने वंध्यत्व लादणारे कायदे झाले. १९३८ साली ‘आनुवंशिकता आणि राजकारण’ या विषयावर लिहिलेल्या पुस्तकात हॉल्डेन यांनी अशा विचारांची परखड चिकित्सा केली. त्यामागील गणित साधे आहे. एखादा अप्रभावी आनुवंशिक रोग दहा हजारांत एकास होत असेल, तर त्याचे जनुक गुप्तपणे वाहणारे सुमारे पन्नासांत एक असतात. एकूण एक रोग्याला संतती होऊ दिली नाही, तरी ते जनुक समाजात निम्म्यावर यावयास शंभर पिढ्या, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षे लागतील. एवढ्या क्रौर्याची निष्पत्ती एवढीच!

त्याहून पुढची गोष्ट त्यांना १९४९ सालच्या सुमारास सुचली. थॅलसेमिया हा रक्ताचा घातक विकार भूमध्य समुद्राच्या काठी इतका का आढळतो? हॉल्डेन यांचा तर्क असा, की हे जनुक दोन्ही बाजूंनी आले तर मारक होते, परंतु एकाच बाजूने आले तर ते मलेरियापासून रक्षण करीत असावे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी सिकलसेलच्या बाबतीत आफ्रिकेत याच तऱ्हेचा पुरावा दिला. विदर्भातील, खानदेशातील आणि ओरिसातील आदिवासी समाजांत हा सिकलसेलचा विकार आजही घरोघरचे दुःख आहे आणि १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. ज्या दोषाला निसर्गाची चूक म्हणावे, तोच एके काळी पूर्वजांची ढाल होता. माणसाला ‘सुधारावयास’ निघणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे, असा हॉल्डेन यांच्या विचारांचा रोख आहे.

१९५७ साली हॉल्डेन भारतात आले. सुएझवरील आक्रमणाचा निषेध हे त्याचे एक कारण सांगितले गेले. परंतु या देशाविषयी त्यांना वाटणारी ओढ जुनी होती. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम केले, १९६१ साली भारताचे नागरिकत्व स्वीकारले आणि १९६२ साली भुवनेश्वर येथे आनुवंशिकताशास्त्राची प्रयोगशाळा चालविण्यास घेतली. येथे ते शाकाहारी झाले आणि सुती कुडता वापरू लागले. महागडी उपकरणे नाहीत म्हणून विज्ञान होत नाही, ही तक्रार त्यांना मान्य नव्हती. त्यांचा एक सहकारी अंगणातील प्राजक्ताच्या फुलांच्या पाकळ्या मोजी, दुसरा नारळाच्या झावळ्यांची वळणे उजवी की डावी हे नोंदवी. एकाच प्राजक्ताच्या सड्यात पाच पाकळ्यांची फुले असतात तशी सहा-सातांचीही असतात, हे महाराष्ट्रातील कोणत्याही मुलाला ठाऊक असते. त्या फरकातूनच सजीवांच्या घडणीचा नियम शोधता येतो, हे मात्र कोणी सांगावे लागते. प्राण्याला इजा न करता होणारे असे जीवशास्त्र भारताच्या अहिंसेच्या परंपरेस शोभणारे आहे, असे ते म्हणत.

याचा अर्थ त्यांच्या जीवनात उणीव नव्हती असा नाही. १९४८ साली मॉस्कोत लिसेंकोच्या दडपणाखाली आनुवंशिकताशास्त्रालाच बहिष्कृत ठरविण्यात आले. वाव्हिलॉव्हसारखा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ त्यापूर्वीच, १९४३ साली, सोव्हिएत तुरुंगात मेला होता. हॉल्डेन त्या काळी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते आणि जे निःसंदिग्ध शब्द त्यांच्याकडून अपेक्षित होते ते वेळेवर आले नाहीत. पुढे ते पक्षापासून दूर झाले. कार्बन डायऑक्साइडने विचार कोठे मंदावतो हे ज्याने अचूक मोजले, त्याला पक्षनिष्ठेने तो कोठे मंदावतो हे मोजता आले नाही. माणसाच्या मर्यादांत ही मर्यादा सर्वांत दुस्तर आहे, कारण ती मोजणारे यंत्र अद्याप निघालेले नाही.

१९५७ सालीच हॉल्डेन यांचे स्नेही ज्युलियन हक्सले यांनी या सर्व विचारांना ‘ट्रान्सह्यूमॅनिझम’ हे नाव दिले. मनुष्याने मनुष्यच राहून मनुष्यत्वाच्या सीमा विस्ताराव्यात, असा त्याचा आशय. १९६२ साली लंडनला भरलेल्या एका परिषदेसाठी हॉल्डेन यांनी पुढील दहा हजार वर्षांतील मानवाविषयी निबंध लिहिला. गुरुत्वाकर्षण कमी असलेल्या जगात लांब पायांपेक्षा गिबन माकडाचे पकड घेणारे अवयव अधिक उपयोगी पडतील, असे त्यांनी त्यात गंभीरपणे सुचविले. त्यांतील पुष्कळ कल्पना आजही कल्पनाच आहेत. काही मात्र दाराशी आल्या आहेत. २०१७ साली फिलाडेल्फिया येथे अपुऱ्या दिवसांची कोकरे द्रवाने भरलेल्या पिशवीत सुमारे चार आठवडे वाढविण्यात आली.

‘प्रथम विकृती, मग रूढी’ या सिद्धांताची प्रचीती भारतानेच घेतली आहे. जुलै १९७८ मध्ये इंग्लंडात शरीराबाहेर फलन झालेले पहिले बालक जन्मले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तोकड्या साधनांनिशी तेच साध्य केले. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, त्यांची चौकशी झाली आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झालेल्या जन्माला भारतातील पहिला असा मान मिळाला. त्या यशाचे एक मानकरी टी. सी. आनंदकुमार यांनी पुढे मुखोपाध्याय यांची टिपणे तपासली आणि पहिला मान आपला नव्हे, त्यांचा, असे १९९७ साली जाहीर रीतीने लिहिले. विज्ञानाने देहाची एक मर्यादा ओलांडली. आनंदकुमारांनी त्यासाठी अहंकाराची ओलांडली.

आता तर जनुकांनाच कात्री लावता येते. २०१८ साली एका चिनी शास्त्रज्ञाने गर्भावस्थेपूर्वीच जनुके बदललेल्या जुळ्या मुलींच्या जन्माची घोषणा केली. पुढच्या वर्षी त्यास तीन वर्षांची कैद झाली. उलट, २०२३ साली ब्रिटन व अमेरिका या देशांनी सिकलसेलच्या रोग्यांसाठी याच कात्रीचा उपचार मान्य केला. रोग्याच्या स्वतःच्या रक्तपेशी त्याच्या संमतीने बाहेर काढून, सुधारून परत दिल्या जातात. साधन एकच. पहिल्या ठिकाणी प्रयोग दोन अजाण जिवांवर झाला, ज्यांना ‘नाही’ म्हणता येत नव्हते. दुसऱ्या ठिकाणी वेदना भोगणाऱ्याने स्वतः पाऊल उचलले. एवढा भेद ध्यानी घेतला म्हणजे हॉल्डेन यांच्या दोन सूत्रांचे मोल कळते. तरीही एक प्रश्न उरतोच. अमेरिकेत त्या उपचाराची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठरली. गडचिरोलीच्या जंगलातील ज्या मुलाला त्याची निकड आहे, त्याच्यापर्यंत तो कधी पोहोचणार? काही थोड्यांनीच ओलांडलेली मर्यादा ही मानवाने ओलांडलेली मर्यादा होत नाही.

हॉल्डेन यांना कर्करोगाने गाठले. १९६३ च्या अखेरीस लंडनला शस्त्रक्रिया झाली. रुग्णशय्येवरून त्यांनी त्या रोगावर एक विनोदी कविता लिहिली. शंका येताच लोकांनी लाज सोडून डॉक्टरकडे जावे, एवढाच तिचा हेतू होता. दीर्घायुष्याची स्वप्ने पाहणाऱ्या या माणसाने मृत्यूशी कसलाही सौदा केला नाही. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला. जो देह आयुष्यभर स्वतःच्या प्रयोगांसाठी वापरला, तो अखेरीस विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी टेबलावर ठेवला गेला. मर्यादा ओलांडण्याचा अधिकार ज्याला हवा असेल, त्याने त्या टेबलाची किंमत प्रथम जाणून घ्यावी.